सीझनच्या मध्येच स्केटिंग थांबवायचं का? एका आईच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. अमेरिकेत मिशिगनमध्ये राहणाऱ्या एका मराठी आईची पंधरा वर्षांची मुलगी फिगर स्केटिंगमध्ये ज्युनियर गटात खेळते. नोव्हेंबरमध्ये तिची मोठी पात्रता स्पर्धा आहे. गेले दोन महिने मुलीची झोप उडाली आहे, जेवणावरून रोज कटकट होते आणि परवा तिने ‘मला या वर्षी खेळायचंच नाही’ असं सांगून टाकलं. कोचचं म्हणणं, जानेवारीपर्यंत कळ काढा, मग बघू. वडिलांचं म्हणणं, अमेरिकेची नामवंत स्केटर ग्रेसी गोल्ड हिने २०१७ मध्ये असाच सीझन अर्धवट सोडला आणि त्यानंतर तिला मोठं पदक मिळालं नाही. आईला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: मध्येच थांबवलं तर आपण मुलीला पळ काढायला शिकवतोय का? आणि थांबवलंच, तर क्लबला आणि घरच्यांना सांगायचं काय?

मी खेळाडूंबरोबर काम करणारी मानसशास्त्रज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत स्केटिंग आणि जिम्नॅस्टिक्सच्या मुली सर्वांत जास्त असतात. तुमच्या मुलीला मी तपासलेलं नाही, त्यामुळे तिला काय झालंय ते इथे बसून सांगणार नाही. पण निर्णय कसा घ्यायचा, ते सांगता येईल.

सुरुवात तुमच्या यजमानांपासून करते, कारण त्यांनी दिलेली माहिती बरोबर आहे. फक्त ती गोष्ट ते २०१७ पासून सांगतात आणि ती सुरू होते त्याच्या दीड वर्ष आधी.

ग्रेसी गोल्ड २०१४ मध्ये अमेरिकेची विजेती झाली. त्याच वर्षी सोची ऑलिंपिकमध्ये एकेरीत चौथी आली आणि सांघिक ब्राँझही मिळालं. २०१६ मध्ये पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद. त्या मार्चमध्ये बॉस्टनला जागतिक स्पर्धा होती. पहिल्या भागात, म्हणजे शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, ती सगळ्यांच्या पुढे होती. दुसऱ्या भागात, फ्री स्केटमध्ये, गडबड झाली आणि चौथ्या क्रमांकावर घसरली. घरच्या प्रेक्षकांसमोर असं झाल्यावर आपल्याच खेळाची लाज वाटते, असं ती उघडपणे म्हणाली. जगात चौथी आलेली वीस वर्षांची मुलगी हे बोलत होती.

पुढच्या सीझनच्या सुरुवातीला, २०१६ च्या स्केट अमेरिका स्पर्धेत ती पाचवी आली आणि पत्रकारांसमोर स्वतःच्या वजनाबद्दल कठोरपणे बोलली. ते छापूनही आलं. माझ्या व्यवसायात याला धोक्याची घंटा म्हणतात, आणि इथे तर ती माइकवर वाजत होती. लोकांनी ऐकलं आणि पुढच्या स्पर्धेच्या निकालाकडे वळले. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत ती सहावी आली, त्यानंतर कोच फ्रँक कॅरल यांच्याबरोबरचं काम संपलं आणि ती कॅलिफोर्निया सोडून मिशिगनला आली. नवं शहर, नवे कोच, ऑलिंपिकला जेमतेम वर्ष. ऑगस्टमध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला राष्ट्रीय संघाचं शिबिर भरलं, तिथे ती किती ढासळली आहे हे पहिल्यांदा इतरांच्या नीट लक्षात आलं. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिने जाहीर केलं की व्यावसायिक मदत घेण्यासाठी थोडं थांबते आहे. ऑक्टोबरमध्ये ग्रांप्री या आंतरराष्ट्रीय मालिकेतल्या आपल्या दोन्ही स्पर्धांतून, चीनच्या आणि फ्रान्सच्या, माघार घेतली आणि कारण स्पष्ट सांगितलं: नैराश्य, चिंता आणि खाण्याशी जडलेला आजार. नोव्हेंबरमध्ये राष्ट्रीय स्पर्धाही सोडली. म्हणजे प्याँगचांग ऑलिंपिक संपलं. ॲरिझोनातल्या एका केंद्रात राहून तिने उपचार घेतले. त्या काळात जगणंच नकोसं वाटत होतं, हे तिने पुढे स्वतः सांगितलं आहे.

तेव्हा ‘सीझन सोडला म्हणून करिअर गेलं’ हा हिशेब उलटा आहे. करिअर आधीच हातातून निसटत होतं, सोबत जीवही चालला होता. सीझन सोडला म्हणून जीव राहिला. पदकांच्या रकान्यात हे दिसत नाही.

आता पळपुटेपणाचं. एखाद्या मुलीचा घोटा मोडला आणि प्लास्टर घालून ती घरी बसली तर तिला कोणी पळपुटी म्हणत नाही. एक्स-रे दाखवता येतो, एवढाच फरक. स्केटिंगमध्ये तर मन आणि हाड यांच्या मध्ये भिंत उभी करताच येत नाही. ट्रिपल उडीवरून उतरताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, आणि तो भार रोज डझनावारी वेळा येतो. मुलगी पोटभर खात नसेल तर शरीर काटकसर करतं: पाळी थांबते, हाडं विरळ होतात, बारीक फ्रॅक्चर होतात, जखमा भरत नाहीत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ पासून याला स्वतंत्र नाव दिलं आहे, रेड-एस, म्हणजे खेळाडूला लागते तेवढी ऊर्जा पोटातच जात नसल्याने होणारा बिघाड. हा मुलग्यांनाही होतो. तुमच्या पत्रात जेवणाची कटकट अर्ध्या ओळीत येऊन जाते. मला ती ओळ सर्वांत जास्त खटकली.

त्या वयात आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याबद्दल मुलींशी कोणी सरळ बोलत नाही. बाराव्या-तेराव्या वर्षी अरुंद, हलकं शरीर हवेत पटकन गिरकी घेतं. मग उंची वाढते, कंबर रुंदावते आणि तीच उडी त्याच वेगाने फिरत नाही. तंत्र नव्याने बसवायला वर्ष-दीड वर्ष लागतं. मुलीला मात्र वाटतं की आपण बिघडलो. तेवढ्यात रिंकवर कोणीतरी ‘थोडी जड झालीस का गं’ म्हणतं, बहुधा वाईट हेतू नसताना. सोचीमध्ये पंधराव्या वर्षी रशियासाठी सांघिक सुवर्ण जिंकणारी युलिया लिप्नित्स्काया २०१७ मध्ये, एकोणीस वर्षांची असताना खेळातून निवृत्त झाली. त्याआधी तिने ॲनोरेक्सियावर, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजारावर, उपचार घेतले होते. बीजिंग ऑलिंपिकमध्ये पुन्हा पंधरा वर्षांच्या मुलीवरून, रशियाच्या कमिला वालिएवाच्या उत्तेजक चाचणीवरून, गदारोळ झाल्यावर, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने सीनियर गटाचं किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेलं. उशीर झाला, पण केलं.

(कोणाचंही वजन मी आकड्यात लिहीत नाही. आजारी मुली असे आकडे लक्ष्य म्हणून वाचतात. घरातही हा नियम पाळा. वजनकाटा बाथरूममधून हलवा.)

मग साधी धडधड कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो? स्पर्धेआधी पोटात गोळा येणं, रडू येणं, ‘मला नाही जायचं’ म्हणणं हे सगळं तंदुरुस्त मुलींचंही होतं. मी रविवार विचारते. ज्या दिवशी बर्फ नाही, कोच नाही, त्या दिवशी ती कशी असते? मैत्रिणींबरोबर खिदळते, आईस्क्रीम खाते, दुपारी मस्त झोपते, तर बहुधा प्रश्न स्पर्धेच्या भीतीचा आहे आणि सीझन चालू ठेवून त्यावर काम करता येतं. रविवारीही ती तशीच मलूल असेल, शाळेत घसरली असेल, फोन उचलत नसेल आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर स्पर्धा हा मूळ प्रश्न उरलेला नाही.

रिंकवरही खुणा दिसतात, बघायची सवय हवी. सेशन सुरू झालं की सगळ्या मुली बर्फावर उतरतात आणि एक बाकावर बसून लेस बांधत असते. बांधते, सोडते, पुन्हा बांधते. मग पाणी. मग पातीवरचा रबरी गार्ड काढून पुसणं. दहा मिनिटं गेल्यावर उतरते, लुट्झ नावाच्या उडीसाठी कोपऱ्याकडे उलटी जाते, तो लांब वळसा पूर्ण घेते, टो-पिक, म्हणजे पातीच्या टोकाचे दात, मागे टेकवायला पाय उचलते आणि काहीच करत नाही, तशीच पुढे निघून जाते. किंवा तीन गिरक्यांच्या जागी एक घेऊन उतरते. रिंकवर याला ‘पॉप’ म्हणतात. पॉप सगळ्यांच्या होतात. पण जी मुलगी महिन्यापूर्वी हीच उडी सहज मारत होती, ती तिसऱ्या आठवड्यातही प्रत्येक उडी सोडून देत असेल, तर ‘अजून एकदा’ म्हणून ओरडणं हा कोचिंगचा भाग राहत नाही. ते धोकादायकही आहे: शरीर उडालेलं आणि मन अर्ध्यात मागे फिरलेलं, अशा वेळी माणूस वाईट पडतो. अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिने टोकियो ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरी मध्येच सोडली ती याच कारणाने, हवेत आपण कुठे आहोत हेच तिला कळत नव्हतं.

काही गोष्टींत मात्र वाट बघायची नसते. चक्कर येऊन पडणं, तीन महिने पाळी न येणं, जेवणानंतर दर वेळी बाथरूम गाठणं, हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर निघणं, स्वतःला इजा करणं, ‘मी नसले तर बरं’ अशा अर्थाचं काहीही बोलणं. यातलं एक जरी असेल तर नोव्हेंबर-जानेवारीची चर्चा बंद करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. जगण्याबद्दलचं बोलणं असेल तर अमेरिकेत ९८८ हा नंबर चोवीस तास चालतो, भारतात टेली-मानसचा १४४१६. आणि तिला सरळ विचारा, ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, ही भीती मनातून काढून टाका.

कोचच्या ‘जानेवारीपर्यंत कळ काढा’ या म्हणण्यामागे दुष्टपणा आहे असं मी मानत नाही. त्यांच्या कॅलेंडरला ते बरोबर बसतं: उन्हाळ्यात कार्यक्रम बसवला, नोव्हेंबरला पात्रता, जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धा, वसंतात आराम. आजार हे कॅलेंडर पाळत नाही. शिवाय मुलगी नोव्हेंबरला पात्र ठरली, तर जानेवारी आणखी जड होणार. यश मिळालं की थांबणं अवघड होतं, अपयशापेक्षाही. कोचना तिघांच्या बैठकीला बोलवा आणि एकच प्रश्न विचारा, ‘हिचा पाय मोडला असता तर तुम्ही आज काय केलं असतं?’ बरेच कोच इथे मवाळ होतात. जे होत नाहीत, वजनावरून टोमणे मारतात किंवा मुलीने तुम्हाला काही सांगू नये अशी ताकीद देतात, त्यांच्याबद्दल सेफस्पोर्ट या राष्ट्रीय केंद्राकडे तक्रार करता येते.

पैशाचा विषय तुम्ही काढला नाहीत, तरी मी काढते, कारण बहुतेक घरांत घोडं तिथेच अडतं. बर्फाचे तास, मिनिटांवर फी घेणारे कोच, कोरिओग्राफर, बूट, पाती, ड्रेस. या वर्षीचे पैसे गेले, ते परत येणार नाहीत, आणि ती खेळली तरीही येणार नाहीत. हा हिशेब नवरा-बायकोने मुलगी झोपल्यावर करावा. ‘तुझ्यासाठी आम्ही किती ओतलं’ हे वाक्य मी आजारी मुलींच्या तोंडून फार ऐकते, अगदी आईबाबांच्या आवाजात.

समजा तुम्ही थांबवलं. इथे पालकांची एक ठरलेली गल्लत होते. थांबणं म्हणजेच उपचार, असं त्यांना वाटतं. थांबल्याने उपचाराला फक्त वेळ आणि जागा मिळते. पहिले दोन-तीन आठवडे मुलगी हलकी होते, झोपते, हसते. घर सुटकेचा श्वास घेतं. मग बहुतेकींचा मूड दाणकन खाली येतो, कधी कधी आधीपेक्षाही खाली. पहाटे उठायचं कारण गेलेलं असतं, मैत्रिणी रिंकवर असतात, इन्स्टाग्रामवर कोणाचा तरी नवा ड्रेस झळकतो. या टप्प्यावर आईबाबा म्हणतात, ‘बघा, हिला स्केटिंगची आठवण येतेय, परत पाठवूया.’ नका पाठवू. आठ-दहा वर्षं जी स्वतःला ‘मी स्केटर’ म्हणत आली, तिला आता आपण कोण हेच उमगत नसतं, त्याची ती घालमेल असते. याच वेळी थेरपीचं खरं काम सुरू होतं. म्हणून थांबण्याच्या आधीच तीन माणसं ठरवा: तरुण खेळाडू बघणारे डॉक्टर, थेरपिस्ट आणि खाण्याच्या आजारात काम केलेले आहारतज्ज्ञ. पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी, नाडी, रक्तदाब, ईसीजी होऊन जाऊ दे.

हालचाल पूर्ण बंद करायची का, हे डॉक्टर ठरवतील. खाण्याचा आजार निघाला तर काही काळ व्यायामावरही बंदी येऊ शकते. नाहीतर चालणं, पोहणं, नाचणं चालू ठेवावं. वर्षानुवर्षं रोज तीन तास घाम गाळणारं शरीर एकदम सोफ्यावर बसवलं तर मूड आणखी बिघडतो. फक्त त्यात मार्क नकोत. स्टॉपवॉच नको, व्हिडिओ नको.

परतीची तारीख लिहू नका. ग्रेसी गोल्डच्या गोष्टीचा हा भाग मला सर्वांत शिकवणारा वाटतो. उपचारांनंतर ती नोव्हेंबर २०१८ मध्ये मॉस्कोच्या ग्रांप्रीला उतरली. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये शेवटची आली आणि फ्री स्केटच्या आधी तिने माघार घेतली, पुढे खेळणं आपल्या मनासाठी घातक ठरेल असं सांगून. पुढे जानेवारी २०१९ ची राष्ट्रीय स्पर्धाही तिने सोडली. बाहेरून पाहिलं तर तीन माघारींची माळ. मी मॉस्को वेगळ्या नजरेने बघते. २०१६ मध्ये चौथी येऊन लाज वाटणारी मुलगी २०१८ मध्ये शेवटची आली आणि तिने वेळेवर स्वतःला बाहेर काढलं. त्यानंतर ती पात्रतेच्या खालच्या पायऱ्यांवरून चढत २०२० मध्ये ग्रीन्सबरोच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचली आणि बारावी आली. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बारावी!

सगळ्यांचा रस्ता एवढा लांब नसतो. कॅनडाची गॅब्रिएल डेलमन २०१७ ची जागतिक ब्राँझपदक विजेती. २०१८ च्या शरद ऋतूत तिने मानसिक आरोग्यासाठी ग्रांप्री सोडली आणि जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धेला परतली. जपानची अकिको सुझुकी विशीच्या उंबरठ्यावर ॲनोरेक्सियामुळे खेळापासून दूर गेली होती, तिने २०१२ मध्ये जागतिक ब्राँझ जिंकलं आणि दोन ऑलिंपिक खेळली. अमेरिकेच्या अलिसा ल्यूचं प्रकरण वेगळं आहे, तिने सीझन मध्ये सोडला नाही. २०२२ मध्ये बीजिंग ऑलिंपिक खेळून आणि जागतिक स्पर्धेत ब्राँझ जिंकून झाल्यावर सोळाव्या वर्षी थेट निवृत्तीच जाहीर केली. कॉलेजला गेली, एव्हरेस्टच्या बेस कॅम्पपर्यंत चढून आली. २०२४ च्या सुरुवातीला स्कीइंग करताना तो जुना थरार पुन्हा जाणवला आणि ती बर्फावर आली, या वेळी संगीत, कपडे, सराव सगळं आपल्या मर्जीने. मार्च २०२५ मध्ये बॉस्टनला, ग्रेसी जिथे कोसळली होती त्याच शहरात, ती जगज्जेती झाली.

ही शेवटची गोष्ट तुमच्या यजमानांना आवडेल आणि म्हणूनच ती मी जपून सांगते. ‘थांब, म्हणजे अलिसासारखी जिंकून येशील’ हे मुलीच्या कानावर पडता कामा नये. मग विश्रांतीही स्पर्धाच होते. विराट कोहलीने २०२२ मध्ये महिनाभर बॅटला हात लावला नाही आणि आल्यावर आशिया चषकात शतक ठोकलं, हेही आपल्या घराघरात असंच सांगितलं जातं. शतक नसतं झालं तरी तो महिना योग्यच होता. तुमची मुलगी परत येईल, किंवा शाळेच्या नाटकात रमेल, किंवा आइस डान्सकडे वळेल, किंवा लहान मुलींना शिकवेल. यातलं काहीही आज ठरवायची गरज नाही.

निर्णय कोणी घ्यायचा? पंधराव्या वर्षी आरोग्याचा निर्णय आईबाबांचा, खेळाचा मुलीचा. आजार असेल तर ‘आम्ही थांबवतोय’ असं तुम्ही म्हणा. तेवढा भार तिच्या डोक्यावरून उतरतो, मैत्रिणींना सांगायला सोपं जातं. परत जायचं की नाही, हे मात्र तिने ठरवायचं, डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवल्यावर.

आणि लोकांना काय सांगायचं. क्लबला आणि स्पर्धेच्या आयोजकांना दोन ओळींची ईमेल पुरते: वैद्यकीय कारणाने ती या सीझनच्या पुढच्या स्पर्धा खेळणार नाही. वैद्यकीय माघारीत फी परत मिळते का, ते त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या, डॉक्टरांचं पत्र लागेल. आजाराचं नाव लिहायची गरज नाही. ग्रेसीने जाहीर सांगितलं तो तिचा निर्णय, आणि ती तेव्हा बावीस वर्षांची होती. पुण्या-मुंबईच्या आजी-आजोबांना ‘तब्येत बरी नाही, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे’ एवढंच. कोणी व्हिडिओ कॉलवर तिला थेट विचारलं, ‘काय गं, सोडलंस का?’ तर काय बोलायचं, हे तिच्याशी आधी ठरवून ठेवा. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने स्वतःच वाक्य तयार केलं होतं: ‘आजी, या वर्षी मी बघायला जाणारे, खेळायला नाही.’ आजीने विचारलं, ‘तिकीट केवढ्याचं असतं गं?’ आणि विषय तिकिटांच्या भावावर गेला.